पितृपक्षात कॅमेरा बघायला

कॅमेरा बघायला पितृपक्ष हा काळ सोयीचा असतो. या पंधरा दिवसांत नवी वस्तू कोणी घरात आणत नाही, त्यामुळे दुकानदार मोकळा असतो. लग्नं नसतात, त्यामुळे लग्नाचे फोटो काढणारे मोकळे असतात आणि त्यांचे कॅमेरेही. हे मला पाथर्डीच्या दत्तानं फोनवर समजावून सांगितलं. दत्ता तिथला फोटोग्राफर. मी पुण्यात वर्तमानपत्राच्या डेस्कवर होते तेव्हा तो तालुक्यातले फोटो पाठवायचा आणि मी त्यांच्याखाली ओळी लिहायचे. इतक्या वर्षांची ओळख, पण सगळी फोनवरची. भेट कधीच झाली नव्हती.

नोकरी संपल्यावर फोटो काढायला शिकायचं ठरवलं. दुसऱ्यांचे फोटो निवडले होते, कापले होते, परत पाठवले होते. मोबाईल सोडला तर स्वतः एकही काढला नव्हता. कॅमेरा आरसा नसलेला, म्हणजे हल्लीचा मिररलेस घ्यायचा, एवढं नक्की होतं. कोणता, यावर तीन महिने वाचत होते आणि जितकं वाचलं तितकं ठरेनासं झालं होतं. वहीत चौदा प्रश्न लिहून काढले होते. ते ऐकून दत्ता म्हणाला, "ताई, वाचून कधी चप्पल घेतली का? इकडं या. दुकानात बघा, मग माझा घेऊन दोन दिवस हिंडा."

नगर

बसच्या पाटीवर आता अहिल्यानगर असतं. वाहक मात्र "नगर, नगर" असंच ओरडत होता आणि उतरणारे त्यालाच उठत होते.

दत्तानं सांगितलेलं दुकान कापडबाजाराच्या बाजूला, पहिल्या मजल्यावर आहे. मालक साठीचे. पहिला प्रश्न त्यांनीच विचारला.

"आज घेणार नाही ना?"

"नाही."

"मग निवांत बसा."

त्यांनी काचेवर तीन कॅमेरे ठेवले आणि चहा मागवला. माझी वही पाहिली. चौदापैकी सहा प्रश्न पेन्सिलीनं खोडून वही परत दिली. खोडलेले प्रश्न किती मेगापिक्सेल, सेकंदाला किती फोटो अशा जातीचे होते. "हे जाहिरातीतले आहेत," ते म्हणाले. "तुम्ही फोटो भिंतीएवढे छापणार आहात का?"

मिररलेस म्हणजे काय हे त्यांनी मला दोन मिनिटांत दाखवलं. ते वाचूनही तीन महिन्यांत नीट कळलं नव्हतं. जुन्या कॅमेऱ्यात आत आरसा असतो. डोळा लावला की समोरचं जसंच्या तसं दिसतं, आणि फोटो कसा आलाय ते काढल्यावर कळतं. नव्यात आरसा नाही. डोळा लावायच्या जागी छोटा पडदा आहे, आणि येणारा फोटो काळपट येईल की पांढरा पडेल ते बटण दाबायच्या आधीच त्यात दिसतं. मी एक चाक फिरवलं तसा खिडकीतला बाजार काळा होत गेला. उलटं फिरवलं तसा उजळला. शिकणाऱ्याला एवढं पुष्कळ आहे.

मग चहा आला. मालकांनी नियम सांगितला. उजव्या हातात कॅमेरा, डाव्या हातात कप, आणि चहा संपेपर्यंत कॅमेरा खाली ठेवायचा नाही. प्रत्येक कॅमेऱ्याला एक कप. पहिला मोठा होता, दोन कार्डांच्या खाचा असलेला, लग्नवाल्यांचा. अर्ध्या कपातच माझं मनगट खाली आलं. तिसरा इतका लहान की करंगळीला जागाच उरेना. मधला हातात बसला. तीन कप चहा पिऊन ही एवढीच माहिती हाती आली, पण ती पक्की होती.

निघताना त्यांनी विचारलं, "कशाचे फोटो काढणार?"

हा प्रश्न माझ्या चौदांमध्ये नव्हता. मी वही चाळून पाहिली.

"मग आधी ते बघून या," ते म्हणाले. "कॅमेरा कुठं पळून जात नाही. घटस्थापनेपर्यंत तर कुठंच नाही."

पाथर्डी

दत्ता स्टँडवर मोटारसायकल घेऊन उभा होता. आवाजावरून मी जाडजूड माणूस धरून चालले होते. निघाला काटकुळा, पंचेचाळिशीचा, डोक्याला रुमाल बांधलेला. "तुमी आवाजापरीस बारीक हाय," तोच मला म्हणाला.

त्या दिवशी त्याच्या घरी पित्रं होती. पुण्यात आमच्याकडे पक्ष म्हणजे घरातली चार माणसं, गुरुजी आणि दुपारी एकच्या आत आवरलेलं स्वयंपाकघर. इथे दारात चपलांचा ढीग होता. भाऊबंद, शेजारी, वस्तीवरचे, सगळ्यांना आवतण. पानात खीर, उडदाचे वडे, कढी, भोपळ्याची भाजी, अळूची भजी आणि येसराची आमटी. येसर म्हणजे धान्यं आणि मसाले भाजून दळलेलं पीठ. लग्नाला आणि पित्रांना ते हवंच. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी बेतानंच वाढून घेतलं. कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "हे तिसरं घर हाय. आजून दोन राह्यलेत. न्हाई गेलं तर लोक नाव ठिवत्यात." जिथे जातील तिथे त्यांना जेवावंच लागणार होतं. दत्ता म्हणाला, पंधरवडाभर गावात रात्रीचा स्वयंपाक होत नाही, दवाखान्यात मात्र गर्दी होते.

जेवणानंतर त्यानं दुकान दाखवलं. तीन खुर्च्या, पासपोर्ट फोटोसाठी निळा पडदा, भिंतीवरच्या फळीत नवरा-नवरींचे मोठे अल्बम. इथे लग्नाचे फोटो काढले की लगेच अल्बम होत नाही. घरच्यांनी दुकानात यायचं, सगळे फोटो बघायचे आणि अल्बमसाठी निवडायचे. याला सगळे सिलेक्शन म्हणतात. फोटोवाला घाई करत नाही, घरचेही करत नाहीत. दसऱ्यापर्यंत मात्र सगळ्यांना एकदम घाई होते, कारण दसरा झाला की तालुक्यातली निम्मी घरं ऊस तोडायला कारखान्यांवर जातात आणि उन्हाळ्यातच परततात.

"परवा भानुदासचं सिलेक्शन हाय," दत्ता म्हणाला. "पोरीचं लग्न मे महिन्यात झालं. पोरगी सासरच्यांबरूबर एका कारखान्याला जानार, आई-बाप दुसऱ्या. तिघं एकदम मोकळी परवाच घावत्यात."

मग त्यानं मला कॅमेरा दिला. तोच दोन खाचांचा, जड. पट्टा गळ्यात घालायला लावला. तीन सूचना दिल्या. लेन्स काढायची नाही. काढलीच तर वाऱ्याकडे पाठ करायची, कारण आत धूळ गेली की ती प्रत्येक फोटोत दिसते. आणि कार्ड स्वतःचं घालायचं, वापरण्याआधी फॉरमॅट करायचं.

डोंगराकडे

दुसऱ्या दिवशी सकाळी दत्तानं मला गर्भगिरीच्या पायथ्याशी एका वस्तीजवळ सोडलं आणि तो त्याच्या कामाला गेला. पुण्याहून येणाऱ्याला हा भाग दुष्काळी म्हणून माहीत असतो. पाऊस नुकता होऊन गेला होता. डोंगर हिरवा होता, बाजरीची कणसं भरली होती आणि एका शेतात माळ्यावर उभा राहून एक म्हातारा गोफणीनं पाखरं हाकत होता.

मी बांधावर बसून कॅमेरा उघडला. पहिल्या खाचेत माझं कार्ड घातलं. मेन्यूतून फॉरमॅट शोधलं. कॅमेऱ्यानं विचारलं, एक की दोन. मी एक केलं. मग दोनही केलं. यंत्राला दोन खाचा आहेत आणि सूचना फॉरमॅट करायची आहे. अर्धं काम करून ठेवण्याची मला सवय नाही. दुसऱ्या खाचेत काही आहे का, हे उघडून पाहिलं नाही.

पुढचे दोन तास चांगले गेले. मेंढ्या, पाणी अडवायला रचलेले दगडी ताल, बाजरी, गोफणीचा म्हातारा. त्याला विचारलं तर म्हणाला, "काढा की. पाखराचा बी काढा, म्हंजी ते बसल्यालं तरी कळंल." गोफण फिरताना फोटोत नुसता धूसर पट्टा यायचा, शटरचा वेग वाढवत गेले तसा हळूहळू दोर दिसू लागला, शेवटी दगडसुद्धा. एकूण एकतीस फोटो काढले. त्यांतले चार मला ठेवण्यासारखे वाटले. डेस्कवर असते तर एक ठेवला असता.

दुपारी दत्ता आला. फोटो बघताना पडद्याच्या कोपऱ्यातल्या खुणेवर त्याचं बोट थांबलं. फोटो दोन्ही कार्डांवर गेल्याची ती खूण होती. त्यानं बाजूचं झाकण उघडलं, दुसऱ्या खाचेतलं कार्ड काढून हातावर ठेवलं आणि बांधावर उकिडवा बसला.

"ताई, हे पन फॉरमॅट केलं?"

"केलं."

 मग त्यानं सरळ क्रमानं सांगितलं. ते कार्ड भानुदासच्या मुलीच्या लग्नाचं होतं. लग्नात तो फोटो दोन कार्डांवर घेतो. पहिल्या कार्डावरचे हार्ड डिस्कवर घेऊन त्यानं ते कार्ड पुढच्या लग्नाला वापरलं. हार्ड डिस्क महिन्यापूर्वी टेबलावरून पडली, ती उघडत नाही. राहिलं हे दुसरं कार्ड. उद्याच्या सिलेक्शनसाठी काल ते कॅमेऱ्यात घालून तपासलं होतं आणि कॅमेऱ्यातूनच कॉम्प्युटरवर उतरवायला घेतलं, तेवढ्यात लाईट गेली. नंतर पित्रांची गडबड, कार्ड आतच राहिलं. आदल्या दिवशीची हळद वेगळ्या कार्डावर आहे, ती शाबूत. लग्नाचं एवढंच होतं.

एक गोष्ट मला माहीत होती. आमच्या फोटो विभागात एकदा असंच झालं होतं आणि कार्डावर पुन्हा काहीही न काढल्यामुळे बरंचसं परत मिळालं होतं. मी दत्ताला कार्ड पुन्हा कॅमेऱ्यात घालू दिलं नाही. वहीचं पान फाडून त्यात गुंडाळलं आणि वर लिहिलं: एकतीस.

"भानुदासला मी सांगते," मी म्हणाले. "फॉरमॅट मी केलं."

"तुमी सांगाल आन् पुण्याला जाल. मी हितंच राहनार हाय." तो हे रागानं म्हणाला नाही. "एकदा का लोक म्हनले, ह्याच्याकडून लग्न गेलं, की झालं. मंग कुनी वाढदिवसाला पन बोलवत न्हाई."

पुन्हा नगर

दुकानाच्या मालकांनी फोनवर एक पत्ता दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिथे होतो. अरुंद जिन्याखाली कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. चालवणाऱ्या रुबीनाताई पस्तिशीच्या, चष्मा कपाळावर ढकललेला. त्यांनी कागद उलगडला.

"एकतीस काय?"

"फॉरमॅटनंतर काढलेले फोटो."

"मोजून?"

"मोजून."

"मोजून सांगणारं गिऱ्हाईक पहिल्यांदा आलं. बाकी सगळे म्हणतात, दोन-तीन असतील."

त्यांनी जे सांगितलं ते शिकणाऱ्या प्रत्येकानं लिहून ठेवावं असं आहे. फॉरमॅट केल्यावर फोटो लगेच जात नाहीत. पुस्तकाची अनुक्रमणिका फाटते, पानं राहतात. पण नंतर काढलेला प्रत्येक फोटो त्या पानांवर लिहिला जातो, आणि ज्याच्यावर लिहिलं ते पान गेलं. "तुमचे एकतीस कुठं बसलेत ते बघायचं," त्या म्हणाल्या. "बसा. वेळ लागेल."

वेळ साडेतीन तास लागला. पडद्यावर एक हिरवी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकत होती. दत्ता तीनदा चहाला म्हणून बाहेर गेला आणि तिन्ही वेळा न पिता परत आला. चौथ्यांदा उठला तेव्हा रुबीनाताई म्हणाल्या, "दादा, तुम्ही आत-बाहेर केल्यानं ती पट्टी पळत नाही." तो बसला.

पट्टी संपली आणि चौकोन उमटायला लागले. आधी रिकामे, राखाडी. मग एकात रंग आला. पंगतीचा फोटो होता. पत्रावळ, भात, वाढणाऱ्याचा हात.

"येसराची आमटी," दत्ता म्हणाला. "आपलंच हाय."

त्यानंतर ते भराभर आले. अंतरपाट. अक्षतांसाठी वर गेलेले हात. नवरीच्या मैत्रिणी. उलट्या टोपीतला कोणाचा तरी काका. वरातीतला घोडा, त्याचे नऊ फोटो. दत्ता खुर्चीच्या कडेवर बसून प्रत्येकाचं नाव घेत होता. मध्येच थांबला आणि रुमालानं तोंड पुसून घेतलं. मोजले तेव्हा एक हजार चारशे बारा भरले. सुरुवातीचे एकतीस नव्हते. त्यांच्या जागी मेंढ्या आणि बाजरी होती.

रुबीनाताईंनी तीन ठिकाणी प्रती करून दिल्या आणि तिसरी दत्ताच्या हातात देत म्हणाल्या, "ही टेबलावर ठेवू नका."

त्या दुपारी नगरमध्ये आम्ही जेवलो. दत्तानं दोनदा भात मागितला. माझ्या मानेवरचं ओझं उतरल्याचं मला उठताना जाणवलं. तोपर्यंत ते तिथे आहे हेही लक्षात आलं नव्हतं.

सिलेक्शन

भानुदास, त्याची बायको सीताबाई आणि मुलगी संगीता त्याच संध्याकाळी ठरल्या वेळी आले. भानुदास पन्नाशीचा, उन्हानं रापलेला. संगीता एकवीस वर्षांची, हातातल्या हिरव्या बांगड्या अजून नव्या. जावई कामावर होता. त्यानं फोनवर एवढंच सांगितलं होतं की माझे डोळे मिटलेले घेऊ नका.

मी खुर्चीवर न बसता उभ्यानंच सांगितलं. काय झालं, कोणाकडून झालं, किती आले, किती गेले. दत्ता निळ्या पडद्याकडे बघत होता.

भानुदासनं सगळं ऐकून घेतलं. "लगीन लागल्याला हाय ना?"

"आहे."

"सप्तपदी?"

"आहे."

"मंग गेलं काय?"

"सत्कार," दत्ता म्हणाला.

इथल्या लग्नांची मला माहीत नसलेली एक रीत अशी की लग्न लागण्याआधी मांडवात मान्यवरांचे सत्कार होतात. नाव पुकारायचं, टोपी, टॉवेल आणि नारळ द्यायचा, फोटो काढायचा. मुहूर्त टळला तरी सत्कार टळत नाही. मान्यवर एका दिवसात सहा-सात लग्नांना हजेरी लावतात, म्हणून त्यांचं आधी उरकतात. कार्डावर पहिले म्हणून तेच होते आणि माझ्या मेंढ्या नेमक्या त्यांच्यावर बसल्या होत्या.

"बरं झालं," संगीता म्हणाली. "दीड तास भाषनं चालली हुती. मी उपाशी."

"तू गप." भानुदासचा चेहरा मात्र उतरला होता. मला वाटलं होतं, सर्वांत बिनमहत्त्वाचं तेच गेलं. त्याला तसं नव्हतं. सरपंच, ज्यांच्या टोळीतून दोघं कारखान्यावर जातात ते मुकादम, शाळेचे हेडमास्तर, दूध डेअरीचे चेअरमन आणि जावयाचे मामा, अशा पाच जणांचा सत्कार झाला होता. अल्बम घरोघर फिरतो. ज्याचा सत्कार झाला तो स्वतःचा फोटो शोधतो. नसला की तो बोलत नाही, पण लक्षात ठेवतो.

"आता तेंच्याकडं काय तोंड दाखवू?"

सीताबाई इतका वेळ पडद्यावरचे फोटो बघत होत्या. मान न वळवता म्हणाल्या, "मंग परत करा की सत्कार. मानसं हितंच हायत."

कोणी हसलं नाही. भानुदासनं विचार केला आणि म्हणाला, "पित्रं झाल्याशिवाय न्हाई."

असं ठरलं. मग सिलेक्शन सुरू झालं. एकशेवीस निवडायचे होते. पहिल्या तासात त्यांनी चारशे निवडले. सीताबाईंना कोणालाच वगळता येईना. संगीता स्वतःचे फोटो झरझर काढून टाकत होती, "ह्यात रडका", "ह्यात मिशी दिसतीय", आणि आईचे ठेवत होती. एका फोटोपाशी तिघंही थांबले. मंगळसूत्र घालताना नवऱ्याला आकडा सापडत नव्हता आणि संगीता मान वळवून त्याला काहीतरी सांगत होती.

"काय म्हनली तवा?" सीताबाईंनी विचारलं.

"म्हनले, आन हिकडं, मीच लावते."

तो पहिल्या पानावर गेला.

घटस्थापनेच्या दिवशी

मधल्या काळात मी पुण्याला जाऊन आले. घटस्थापनेच्या सकाळी नगरच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. मालकांनी गर्दीतून मला ओळखलं आणि मधला कॅमेरा काढून ठेवला.

"एवढं झाल्यावर दोन खाचांचा पाहिजे असेल," ते म्हणाले. पत्ता दिल्यानंतरची हकिगतही त्यांच्यापर्यंत पोचली होती.

"नको. एकच पुरे. दोन असल्या तर मी दोन्ही पुसते."

सोबत एकच लेन्स घेतली, दूरचं आणि जवळचं दोन्ही होईल अशी, म्हणजे वाऱ्यात बदलायचा प्रश्न नको. वहीतले उरलेले आठ प्रश्न विचारायचे राहून गेले. ते अजून राहिलेलेच आहेत.

दुपारी भानुदासच्या वस्तीवर पोचले. लिंबाखाली सतरंजी, चार खुर्च्या. दत्ता वैतागला होता. लग्न मे महिन्यातलं, आणि मागे सगळं हिरवंगार. शेवटी मांडवाचं कापड दोरीवर बांधलं. पितृपक्ष संपल्यामुळे त्याला एका बारशाचं बोलावणं होतं. "हे तुमी काढा," तो म्हणाला. "तुमचेच एकतीस हायत."

मी त्याला सांगितलं की घडून गेलेलं पुन्हा घडवून काढलेला फोटो आम्ही डेस्कवरून परत पाठवत असू.

"म्हाईत हाय. माझा झाडं लावल्याला परत पाठवला हुता. सायबांनी दोनदा लावलं म्हनून."

भानुदासनं ते ऐकलं. "हे काय खोटं न्हाई," तो म्हणाला. "टोप्या नव्या आनल्यात. नारळ नवा हाय. मी खराखुरा देनार हाय. तुमी फकस्त काढा."

मी लेन्सचं झाकण काढलं. 

सरपंच लग्नातलाच शर्ट घालून आले होते. भानुदासनं तसं सांगितलं होतं. हेडमास्तरांनी विचारलं, भाषण करायचं का. संगीतानं आतून "न्हाई" म्हटलं. चेअरमन टोपी घालून घेताना म्हणाले, "भानुदास, दर पितृपक्षाला असाच घोटाळा करत जा." मुकादम शेवटी आले. त्यांना सगळी हकिगत सांगितली तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. "म्हंजी माझ्यावर मेंढरं बसली?" मी हो म्हणाले. ते इतके हसले की पहिले तीन फोटो हलले. चौथा चांगला आला.

डोळा लावला की छोट्या पडद्यावर लिंबाची सावली, टोपीचा पांढरा रंग आणि माणसाचा चेहरा, तिन्ही एकदम दिसत होती. टोपी पांढरीफटक पडत होती. चाक एक खूण मागे घेतलं, तिच्या सुरकुत्या दिसल्या, मग बटण दाबलं. दत्तानं जाता जाता माझ्या खांद्यावरून पाहिलं आणि चाकाला हात न लावता बारशाला गेला. त्याच्याकडून हे पुष्कळ होतं.

जावयाचे मामा गेवराईकडचे. ते येऊ शकले नाहीत. चहा झाला, पाहुणे गेले आणि खुर्चीवर एक टोपी, एक टॉवेल आणि एक नारळ शिल्लक राहिला. भानुदास कापड सोडायला लागला. चार दिवसांनी मुलगी सासरी जाणार होती आणि तिथून परस्पर कारखान्यावर.

संगीतानं टोपी उचलली. "दादा, कापड ऱ्हाऊ द्या जरा. हिकडं या." वडिलांना ती दादा म्हणते.

"मला कशाला? मी काय पाव्हना हाय का?"

"लग्नात तुमचा एक तरी फोटो हाय का? सगळ्यांत पाठच हाय. बसा."

सीताबाईंनी त्याला खांद्याला धरून खुर्चीवर बसवलं. संगीतानं टोपी घातली, ती तिरकी बसली. त्यानं सरळ केली. तिनं टॉवेल खांद्यावर टाकला, नारळ हातात दिला आणि वाकून पाया पडली. तो नारळाकडे बघत राहिला. मग वर बघून म्हणाला, काढायचा तर काढा.

मी डोळा लावला. चेहरा जसाच्या तसा होता, ओठ मिटलेले.

"दादा, जरा हसा," संगीता म्हणाली.

"हसतोच हाय की," भानुदास म्हणाला.